अक्काची गाठ

"पेठेतनं रिक्षा जायची नाय, आजी. दिवाळीची गर्दी हाय. मागच्या अंगानं फिरून जाऊ," वीर स्टेशनापासून आम्हाला घेऊन आलेला रिक्षावाला महाडात शिरता शिरता म्हणाला. पोरगा चांगला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण काही शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं, आणि 'मागच्या अंगानं' हे त्यातले पहिले.

"थांबव इथंच," मी म्हटलं. "आम्ही पेठेतनं जाऊ. चालत."

"अहो आजी, धक्के खाल. पाय ठेवायला जागा नाय तिथं."

"जागा नसली तर करू."

तो हसला. माझी नात मिनू, मुंबईची, आठ वर्षांची, तिनं कपाळाला हात लावला. आजी रस्त्यात लोकांशी अशी बोलायला लागली की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आकाशकंदील घ्यायचा होता, कारीटं घ्यायची होती, मग गावाकडं वर जायचं होतं. मी पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं नि म्हटलं, घट्ट धर. ती कुजबुजली, "आजी, सगळे बघतायत." मी म्हटलं, "बघू देत." ते 'बघू देत' तोंडातनं निघालं आणि माझी मीच दचकले. हा माझा आवाज नव्हे. हा भागीआत्याचा आवाज.

भागीआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरी परत आली, आणि आली ती कुणाच्या उपकारावर राहायला नाही, कारभार करायला आली. कापडे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. बाबा मुंबईला गिरणीत, आई घरात नि शेतात, आणि या सगळ्यांवर आत्या. उंच, काटकुळी, पायांच्या भेगांत चिखल वाळलेला, नि आवाज असा की खालच्या खाचरात हाक मारली तर वरच्या वरकसातली, म्हणजे माळरानातली, गुरं मान वर करायची.

दसरा सरला की हळवं भात कापायला यायचं. कापलेल्या भाताचा वास मी आता कुणाला सांगू? ओला पेंढा, चिखल, खेकड्याचं बीळ, उन्हात तापलेलं विळ्याचं पातं, हे सगळं मिळून एक वास. त्यातच कुंपणावर कारिटाचे वेल पिवळे पडायला लागायचे. अंड्याएवढं फळ, वर पांढऱ्या रेघा, आत विषासारखं कडू. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ करून ते पायाच्या अंगठ्यानं चिरडायचं, जिभेला बी लावायची, की नरकासुर मेला. महाडच्या लोकांना नरकासुर मारायचा असायचा, आणि नरकासुर पिकायचा आमच्या डोंगरावर. म्हणून दिवाळीच्या आधी चार दिवस आम्ही बायका कारीटं, शिकेकाई नि झेंडू घेऊन खाली उतरायचो. एक दिवस चालायचं, पोलादपूर मागं टाकायचं, महाडच्या अलीकडं नात्यातल्या एका घराच्या पडवीत पाठ टेकायची, नि सकाळी बाजारात हजर. विकायचं, सण घ्यायचा, उलट पावली परत.

आणि बाजारात चालायचं ते दोराला धरून.

हसा. खुशाल हसा. तेव्हाही सगळं महाड हसायचं. आत्यानं स्वतः वळलेला अंबाडीचा दोर होता तो, करंगळीएवढा जाड. त्याला हाताहातावर गाठी, आणि प्रत्येक गाठीत त्या त्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. आपली चिंधी ती आपली जागा. पुढचं टोक आत्याच्या कमरेला. मागं वाडीतल्या सहा बाया, डोक्यावर हारे, एक हात हाऱ्याला नि एक गाठीला. त्यांच्या मागं माझी मोठी बहीण यसूअक्का, हिरवी चिंधी. सगळ्यांत शेवटी मी, वाडीची बारकी, शेवटचा फास मनगटात. माझ्या जन्माआधी कधीतरी वाडीतली एक म्हातारी या गर्दीत चुकली होती म्हणे. सापडली की नाही, ते कुणी सांगत नसे. विचारलं की बाया दुसरंच काहीतरी बोलायच्या. दोर मात्र तेव्हापासूनचा.

पेठेतल्या गर्दीत मागं वळून बघायची सोय नव्हती. मग आत्या पुढं बघतच हाळी द्यायची, "हाय का गोऽऽ?" की पुढनं मागं एकेक उत्तर, "हाय!" "हाय!" "हाय!" सहा बाया, मग अक्का, मग मी. माझं 'हाय' आलं की आत्या पाऊल उचलायची. दुकानातले लोक ओरडायचे, "आली बघा, दावण आली!" दावण म्हणजे गोठ्यात गुरं ओळीनं बांधायची दोरी. आत्या म्हणायची, "बरोबर हाय त्यांचं. दावणीचं ढोर कधी चुकत नाय."

आणखी एक. जिथं वाट फुटेल तिथं आत्या कनवटीची ऐनाची डहाळी काढून दगडाखाली ठेवायची, मोडलेला देठ पुढच्या दिशेला. रानात आम्ही असंच करतो, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. तिच्या लेखी महाडची पेठ आणि आमचं रान यात फरक एवढाच की रानात गर्दी कमी. गल्लीच्या तोंडाशी पानं ठेवणारी बाई बघून शहरातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ठेवलेली डहाळी शेळीनं खाल्ली नाही असं सहसा व्हायचं नाही. आत्या ठेवायचीच.

काय बाजार असायचा तो! बंदरावर मचवे लागलेले, त्यातनं नारळ, गूळ, खजूर उतरायचा. मुंबईहून आलेले चाकरमानी डोक्यावर पत्र्याच्या ट्रंका घेऊन 'बाजू, बाजू' करत घुसायचे, नि त्यांच्या केसांतल्या तेलाचा वास गल्लीभर मागं राहायचा. बैलगाड्या अडकायच्या, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. सर्विस मोटारीचा रबरी भोंगा पोंऽ करायचा नि बैल बुजायचे. वाळा, गव्हला कचोरा, उगाळलेलं चंदन, सुकटीचा भपकारा, नव्या कापडाची खळ, कल्हईवाल्याच्या भट्टीतला नवसागर. अजूनही कधी नवं कापड नाकाशी धरलं की मला आधी सुकट आठवते. दोन्ही एकाच पिशवीत यायची ना.

त्या वर्षी मी अकराची होते आणि दोरात एक गाठ रिकामी होती. अक्काचं लग्न वैशाखात झालं होतं.

पोलादपूरच्या अंगाला, सडकेवरच्या गावात दिलेली. सडकेवरचं म्हणजे काय, ते तिच्या सासूकडून ऐकावं. "आमच्या दारावरनं मोटार जाते," हे वाक्य ती जेवताना, झोपताना, देवाला हात जोडताना म्हणायची. मांडवात तिनं आमचा दोर बघितला होता. वाडीतल्या बाया लग्नालाही त्याला धरूनच उतरल्या होत्या, नवा गाव म्हणून. ती चारचौघांत म्हणाली, "दोरीला धरून चालणारी माणसं तुम्ही. पहिला दिवाळसण तरी माणसांसारखा कराल ना? जावयाचं धोतर, उपरणं, पोरीला लुगडं, रीतसर झालं तर पोरीला माहेर. नाहीतर यापुढं मी धाडायची नाही." अक्काच्या डोळ्यांतून एक थेंब नव्या शालूवर पडला, तो मी बघितला. आत्या म्हणाली, "करू विहीणबाई. पाडव्याला बघाल." एवढंच. पण त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत ती दुसऱ्या कशाबद्दल बोललीच नाही.

अक्काची गाठ सोडून टाकू, दोर आखूड होईल, असं बाया म्हणाल्या. आत्यानं दोराला हात लावू दिला नाही. "लग्न झालंय तिचं. मेली नाय ती." म्हणून त्या वर्षी जेव्हा जेव्हा बाजारात उतरलो तेव्हा माझ्या पुढं हिरव्या चिंधीची रिकामी गाठ लोंबत असायची. आणि हाळीच्या वेळी सहा उत्तरं झाली की सगळ्याजणी क्षणभर थांबायच्या, अक्काचं 'हाय' जेवढा वेळ घ्यायचं तेवढं. मग मी. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं ते. गर्दीतल्या लोकांना आमच्या दोरात तेवढंच एक दार सापडायचं आणि ते तिथूनच आरपार जायचे, अक्काच्या जागेतनं. मला फार राग यायचा.

त्या दिवशी पेठेच्या तोंडाशी एक रखवालदार उभा होता. दुकानदारांनी सणापुरता ठेवलेला, हातात वेताची काठी, मिशीला तूप. "दोर घेऊन पेठेत जायचं नाही. गाड्या खोळंबतात. दोर सोडा नि सुट्या सुट्या जा, नाहीतर मागच्या अंगानं फिरा." मागचं अंग म्हणजे नदीकडची गल्ली. तिथं दुकानांची पाठ असते, कुजलेली केळीची पानं असतात, सांडपाणी असतं.

आम्हाला वाटलं, आता आत्या त्याला सोलणार. आत्यानं त्याच्याकडं बघितलं, दोराकडं बघितलं. मग म्हणाली, "चला गो. आज दिवाळसणाचं काम हाय. आज भांडायचं नाय." आम्ही मागनं गेलो. लुगडी गुडघ्यापर्यंत धरून, नाकाला पदर लावून. आत्याची मान एवढी खाली गेलेली मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. ते मला अजून खुपतं.

कारीटं विकली, झेंडू विकला. कापडाचं दुकान पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथं गल्लीतनंच शिरलो. आत्यानं अर्धा दिवस घेतला. धोतराचं सूत ओढून बघितलं, उपरण्याचा रेशीमकाठ थुंकीनं चोळून रंग जातो का ते बघितलं. दुकानदार कावला. अक्कासाठी जांभळं लुगडं घेतलं, पिवळ्या काठाचं. ते उलगडलं तेव्हा साती बाया एकदम पुढं वाकल्या. मग आत्यानं त्याचं गाठोडं बांधलं नि माझ्या काखेत दिलं. "तुझ्या डोक्यावर हारा नाय. तूच संभाळ. अक्काचं माहेर हाय हे, बारके."

आणि मी काय केलं?

परत मागच्या गल्लीनंच निघालो होतो. एका घराचं परसदार उघडं होतं, मागच्या पडवीत दोन मुली आकाशकंदिलाच्या कागदी करंज्या कातरत बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, कडक परकर, वेणीत अबोली. आधी आत्याला बघून हसल्या, मग एकीनं माझ्याकडं बोट केलं. "अगं, ती बघ, शेपूट!"

शेपूट! दावण ऐकायची मला सवय होती. दावण सगळ्यांची होती. शेपूट मात्र माझ्या एकटीचं होतं. अंगाची लाही लाही झाली. मी मनगटातला फास सैल केला आणि हात काढून घेतला. दोन पावलं मागं राहिले. त्या मुलींना वाटावं की ही कोण अडाणी माणसं चाललीत, माझा काही संबंध नाही. तेवढ्यात पुढनं हाळी आली, "हाय का गोऽऽ?" एकेक करत सहा उत्तरं. मग अक्काची जागा. मग माझी पाळी. मी चार हातांवरनं ओरडले, "हाय!"

नव्हते. दोरावर नव्हते आणि म्हणाले हाय. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, नवऱ्याशी बोलले, मास्तरांशी बोलले, पण त्या एका 'हाय'ची लाज अजून जात नाही. आत्यानं विश्वासानं पाऊल उचललं. मी त्या मुलींचा कंदील बघत उभी राहिले. गुलाबी कागद, चंदेरी शेपट्या. मान वळवली तर गल्लीत कुणी नाही.

धावले. गल्ली फुटली, दोन वाटा. मी काय केलं असेल? वर बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. खाली बघितलं. दगडाखाली डहाळी शोधली. महाडच्या भर बाजारात, ज्याच्या त्याच्या पायांत घुसून, मी पान शोधत होते! आणि सापडलं. हिरवं पान, ताजं, देठ डावीकडं. पुढं आणखी एक. पुढं आणखी. जिवात जीव आला. गाठोडं छातीशी धरून मी पानांमागनं पळत सुटले, रखवालदाराच्या काखेतनं घुसून थेट मोठ्या पेठेत. ती पानं ऐनाची नव्हतीच. आंब्याची होती. पुढं एक तोरणं विकणारा चालला होता, त्याच्या हाऱ्यातनं गळत होती. पान बघायचं नि झाड ओळखायचं हे आम्ही पाळण्यात शिकतो, आणि नेमकं तेव्हा माझ्या डोळ्यांना सगळं हिरवं सारखं दिसलं.

तोरणवाला जिथं थांबला ते कासाराचं दुकान होतं. बांगड्यांचे हिरवे, लाल, सोनेरी चुडे दोऱ्यांवर लटकलेले. समोर चटईवर चार-पाच बायका. त्यांतली एक हात पुढं करून बसली होती, आणि म्हातारा कासार तिची बोटं चेपून बांगडी चढवत होता. ती मान खाली घालून होती, पण ती मान मी ओळखली. अक्का! शेजारी तिची सासू.

मला वाटलं, धरणी दुभंगावी. पळणार तर सासूनं बघितलंच. "अगं बाई, ही तुझी धाकटी ना गं? एकटी? आज दावण सुटली वाटतं!" बायका हसल्या. "आणि काखेत काय ते? दिवाळसण? पोरीच्या हाती देऊन हुंदडायला सोडलंय?"

अक्का हळूच म्हणाली, "आत्या कुठाय गो?"

"ठाव नाय," म्हणताना माझा बांध फुटला.

"घ्या!" सासू म्हणाली. "दोरीला बांधून आणतात तरी पोर हरवतंय यांचं. अशा घरी पाडव्याला सून धाडायची कशी मी? वाटेत हिलाही टाकतील कुठंतरी." हे ती हसत हसत म्हणाली, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. अक्काचा चेहरा पांढरा पडला. एक हात भरून झाला होता. दुसरा कासारानं नुकताच हातात घेतला होता. मी गाठोडं पाठीमागं लपवलं. लपवून काय होणार होतं? माझ्या एका खोट्या 'हाय'नं अक्काचं माहेर तुटत होतं आणि मी तिथं उभी राहून बघत होते.

तेवढ्यात पेठेच्या तोंडाशी गलका झाला.

"ए बाई! दोर टाक खाली! सांगितलं ना सकाळी, मागनं जा!"

आणि तो आवाज. वरच्या वरकसातली गुरं मान वर करतील तो. "गेलं व्हतं मागनं. मागनं जाताना माझं पोर गेलं. आता मधनं जानार."

"गाड्या खोळंबल्यात!"

"खोळंबू देत."

"लोक बघतायत!"

"बघू देत! बघायलाच पायजे. सगळ्यांनी बघा नि कुणी अकरा वर्षांची पोर बघितली तर सांगा!"

मी टाचा उंचावल्या. पेठेच्या मधोमध आत्या चालली होती. मान ताठ, दोर ताणलेला, मागं सहा बाया, डोक्यावर रिकामे हारे. बैलगाड्या दोन्ही बाजूंना तुंबल्या होत्या. चाकरमानी ट्रंका घेऊन भिंतींना चिकटले होते. रखवालदार काठी घेऊन बाजूबाजूनं पळत होता, त्याला हात कुठं लावावा कळत नव्हतं. काही लोक हसत होते, सांगते ना, हसत होते. आत्यानं हाळी दिली.

"हाय का गोऽऽ?"

"हाय!" "हाय!" "हाय!" "हाय!" "हाय!" "हाय!"

मग अक्काची जागा. त्या शांततेत मी तोंड उघडलं, पण हुंदका आला, आवाज फुटेना. आणि माझ्या शेजारून, चटईवरनं, बांगड्यांच्या गर्दीतनं आवाज आला,

"हाय!"

अक्का उठली होती. कासार म्हणाला, "बाई, हात मोकळा टाकून उठू नये. सवाष्ण तुम्ही." सासू म्हणाली, "यसू! बस खाली! लोक काय म्हणतील?" नव्या सुनेनं सासूच्या तोंडाकडं बघायचं नसतं तेव्हा. अक्कानं बघितलं. "सासूबाई, माझ्या माहेरची मोजदाद चाललीय. माझी जागा रिकामी हाय. मी नाय उठले तर लोक तिथनं चालतात." आणि एका हातात चुडा, एक हात उघडा, अशी ती पेठेत उतरली. चालत गेली, पळत नाही. हिरव्या चिंधीची गाठ उचलली नि मुठीत धरली.

त्या क्षणाला आत्यानं मागं वळून बघितलं. दोरावर असताना ती कधी मागं वळायची नाही. अक्काला बघितलं. मग अक्काच्या मागं लोंबणाऱ्या रिकाम्या फासाकडं बघितलं. पेठेत कुणी हसत नव्हतं आता. आत्यानं पुन्हा हाळी दिली नाही, नुसती थांबली.

मी ओरडले, "हाय!" आणि धावले.

तिनं मला मारलं नाही. फास माझ्या मनगटात घालताना खाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "दोर तुटला नव्हता, बारके. सोडलेला व्हता. मला ठाव हाय." मी रडतच राहिले. "हाय म्हनालीस नि नव्हतीस. परत असं करू नको. नसलीस तर गप ऱ्हा. मी शोधीन. पर नसताना हाय म्हनू नको." मग गाठोड्यावर हात ठेवून बघितलं, आणि सासूकडं वळून म्हणाली, "विहीणबाई, दिवाळसण जाग्यावर हाय. पोरगी पन. पाडव्याला धाडा. नायतर दोर घेऊन तुमच्या दारात येऊ. तुमच्या दारावरनं मोटार जाते ना, ती खोळंबंल तेवढी."

कोण हसलं आधी, आठवत नाही. बहुधा गाडीवान. पण या खेपेला ते आमच्यावर हसले नाहीत.

आणि मग ते झालं, जे मी डोळे मिटले तरी बघू शकते. म्हातारा कासार दुकानातनं उतरला. हातात उरलेला चुडा. "हात मोकळा टाकून मी कुणाला जाऊ देत नाही," असं पुटपुटत तो अक्कापाशी आला आणि भर पेठेत, थांबलेल्या गाड्यांच्या मधोमध, तिचा उघडा हात हातात घेतला. अक्कानं भरलेल्या हातानं गाठ धरलेली, ती सोडली नाही. एकेक बांगडी चढली. पूर्ण पेठ त्या बांगड्यांसाठी खोळंबली होती. चुडा भरून झाल्यावर अक्कानं त्याला वाकून नमस्कार केला आणि आम्ही निघालो, पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधनं. परसदारच्या त्या दोन मुली आता पुढच्या ओटीवर उभ्या होत्या. मी शेपूट होते. मी त्यांच्याकडं बघत बघत गेले.

पेठ संपल्यावर अक्का परत फिरली, सासूकडं. तिला त्या घरात पुढं काय काय ऐकावं लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही. पाडव्याला ती आली, जावई आला, जांभळं लुगडं नेसली. आणि त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या आधी ती त्या कासाराच्या दुकानापाशी उभी असायची. दोर जवळ आला की आपल्या गाठीला हात घालायची, पेठ संपेपर्यंत आमच्याबरोबर चालायची. सासू सर्विस मोटारीत बसून वाट बघायची. रखवालदार पुन्हा कधी दिसला नाही.

आता तो दोर नाही. आत्या नाही, अक्का नाही, बंदरात मचवे नाहीत. कासाराच्या जागी कॅसेटचं दुकान आहे नि ते दिवाळीची गाणी कानठळ्या बसतील असं वाजवतंय. लोक म्हणतात, तुमचा काळ फार कष्टाचा, अडाणी. असेल. पण तुम्ही सगळे सुटे सुटे चालता, खांद्याला खांदा घासून, नि कोण मागं राहिलं ते घरी गेल्यावर कळतं. मला शहाणपण शिकवू नका.

असं मनाशी भांडत मी त्या दुकानापर्यंत आले आणि पदर हलका लागला. मागं बघितलं. टोक नुसतंच लोंबत होतं.

मोटारसायकली, पिशव्या, माणसंच माणसं. कुणी म्हणालं, "आजी, बाजूला व्हा, मधे काय उभ्या राहता!" मी बाजूला झाले नाही. मी वळले, सगळ्या गर्दीच्या उलट, आणि या वयात फुप्फुसात जेवढी हवा उरली होती तेवढी घेऊन हाळी दिली.

"हाय का गोऽऽ?"

पेठ चपापली. कॅसेटवाल्यानं डोकं बाहेर काढलं. दोन पोरं फिदीफिदी हसली. मी थांबले, अक्काचं 'हाय' जेवढा वेळ घ्यायचं तेवढी. मग कंदिलांच्या दुकानामागनं, शरमेनं लाल झालेला, पण मोठ्यानं, आवाज आला.

"हाय!"